आठ अंशांवरचा इक्वेटोरियल माउंट

इक्वेटोरियल माउंट म्हणजे दुर्बिणीची अशी बैठक, जिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि त्याभोवती फिरत ती ताऱ्यांचा पाठलाग करते. त्याच्याबरोबर येणारी पुस्तिका उघडली की पहिल्याच चित्रात माउंटचं डोकं चाळीसेक अंशांनी वर करून ऐटीत उत्तरेकडे बघत असतं. वजनांचा दांडा ट्रायपॉडपासून दूर हवेत असतो आणि पोलर स्कोपमध्ये, म्हणजे अक्षातून ध्रुवाकडे बघायच्या छोट्या दुर्बिणीत, ध्रुवतारा लख्ख दिसत असतो. मी दुर्बीण लावतो ती जागा विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम ८ अंशांवर आहे. तिथे या चित्रातलं जवळपास काहीच जागेवर राहत नाही. अक्ष आडवा होतो, दांडा सरळ खाली लोंबतो आणि ध्रुवतारा क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात बुडतो.

यात माउंटचा दोष नाही. आपण ज्याला जर्मन इक्वेटोरियल म्हणतो तो घाट जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने दोर्पातच्या वेधशाळेसाठी केलेल्या मोठ्या दुर्बिणीतून रूढ झाला. ती दुर्बीण १८२४ साली पूर्ण झाली. दोर्पात म्हणजे आजचं एस्टोनियातलं टार्टू, अक्षांश ५८ च्या थोडा वर. तिथे ध्रुव आकाशात चांगला उंचावर असतो, त्यामुळे अक्ष बराच उभा राहतो आणि दुर्बिणीचं वजन आपोआप खांबावर येतं. तोच घाट आपण ८ अंशांवर आणून ठेवला की तो कुरकुरणारच.

मग इथे हा माउंट वापरायचाच कशाला? मला हे पुष्कळांनी विचारलं आहे. नुसता वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळणारा अल्ट-अझिमथ माउंट ठेवला की काम झालं, ध्रुव शोधायची कटकट नको. नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर हे अगदी बरोबर आहे. फोटो काढायचे असतील तर मात्र गणित नेमकं उलटं आहे. अल्ट-अझिमथवर चित्र कॅमेऱ्यात हळूहळू गोल फिरत जातं, आणि त्या फिरण्याचा वेग अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. म्हणजे ध्रुवाजवळच्या प्रदेशात तो कमी आणि विषुववृत्ताजवळ सर्वांत जास्त. त्यात भर म्हणजे अल्ट-अझिमथची आंधळी जागा बरोबर डोक्यावर असते. तिथून तारा जाताना माउंटला दिशा गर्रकन बदलावी लागते. कमी अक्षांशावर तर बहुतेक चांगले लक्ष्य डोक्यावरूनच जातात. इक्वेटोरियलची आंधळी जागा ध्रुवाशी, आणि आमचा ध्रुव क्षितिजाला टेकलेला. तिथे तसंही कुणी फोटो काढत नाही. थोडक्यात, या माउंटची सर्वांत जास्त गरज जिथे आहे तिथेच तो लावायला सर्वांत अवघड आहे.

पहिली अडचण यांत्रिक. प्रत्येक माउंटला अक्षांशाची खालची मर्यादा असते. कुणाची ५, कुणाची १०, कुणाची १५ अंश. विकत घेण्यापूर्वी लोक वजन पेलण्याची क्षमता बघतात, गोटूची, म्हणजे आपोआप लक्ष्याकडे वळण्याची, अचूकता बघतात, हा आकडा कुणी बघत नाही. माझ्या माउंटची मर्यादा कागदावर माझ्या अक्षांशाच्या खाली आहे, पण कागदावरची मर्यादा आणि खरी मर्यादा यांत फरक असतो. पट्टीवर ८ चा आकडा येतो त्याच्या आधीच पुढचा बोल्ट माउंटच्या अंगाला टेकायला लागतो.

त्या बोल्टवर भार किती येतो हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. सगळं नीट तोललेलं असलं की दुर्बीण, कॅमेरा आणि वजनं यांचा मिळून गुरुत्वमध्य दोन अक्ष जिथे छेदतात तिथे येतो. हा बिंदू माउंटच्या बिजागरीपासून पुढे, उत्तरेकडे असतो. ६० अंशांवर तो बराचसा वर असतो, पुढे कमी. ८ अंशांवर तो जवळजवळ पूर्ण पुढे असतो. म्हणजे सगळं ओझं ट्रायपॉडच्या मध्यावर न येता उत्तरेला लोंबतं आणि ते पेलून धरतो अक्षाची उंची ठरवणारा तो एकटा बोल्ट. तो नुसता हाताने फिरवायला गेलं की आटे झिजतात, दांडी वाकते, बोल्ट कुरकुरतो. मी कायम एका हाताने माउंटचं डोकं किंचित वर उचलून धरतो आणि दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवतो. सोबत कुणी असेल तर उचलायचं काम त्यांचं. शिवाय शेवटची हालचाल नेहमी खालून वर करायची. वरून खाली येत थांबलं तर आट्यांमधली ढिलाई तशीच राहते आणि अर्ध्या तासाने अक्ष स्वतःहून बसकण मारतो.

ट्रायपॉडच्या पायांचा प्रश्न याहून गमतीचा आहे. पुस्तिका सांगते, एक पाय उत्तरेला ठेवा. भार उत्तरेला झुकलेला असल्याने हे अगदी शहाणपणाचं आहे. तो पाय नसेल तर सगळं पुढे कलंडेल. पण दांडा खाली लोंबतोही नेमका त्याच पायावर. जास्त अक्षांशावर हा दांडा तिरका होऊन पायापासून दूर जातो. इथे तो उभ्या रेषेपासून फक्त ८ अंश ढळतो, तर पाय त्याहून बराच जास्त पसरलेला असतो. दुर्बीण पूर्वेला किंवा पश्चिमेला क्षितिजाकडे वळवली, किंवा मूळ स्थितीत परत आणली, की वजन पायावर आपटतं. मोटर बिचारी ढकलत राहते.

मग वाटतं, ट्रायपॉड ६० अंशांनी फिरवू, दोन पाय उत्तरेला आणि वजन त्यांच्या मधल्या फटीत. वजनाचा प्रश्न खरोखर सुटतो. पण दुर्बीण डोक्यावर वळवली की नळी माउंटच्या बाजूला उभी राहते आणि तिचं खालचं टोक, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू, ईशान्येच्या नाहीतर वायव्येच्या पायाला जाऊन भिडते. नळी आखूड असेल तर चालतं. लांब अपवर्तक, म्हणजे भिंगांची दुर्बीण, असेल तर नाही. त्यातून दोन पायांच्या मधल्या बाजूवर तोल एका पायाच्या दिशेपेक्षा लवकर जातो. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

माझ्यापुरता तोडगा दोन गोष्टींचा निघाला. एक म्हणजे ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये उंचीचा एक्स्टेन्शन पाइप. त्याने डोकं वर जातं, पाय खाली राहतात आणि दोन्ही टकरी बहुतेक टळतात. अर्थात उंची वाढली की डगमगही थोडी वाढते, म्हणून मी पाय पूर्ण आखूड करून ठेवतो आणि मधल्या थाळीला वाळूची पिशवी लटकवतो. दुसरी गोष्ट म्हणजे वजन वाढवून दांड्यावर वर सरकवणं. तोल हा वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराचा खेळ आहे. दांड्याच्या टोकाशी एक वजन लावण्याऐवजी अक्षाजवळ दोन लावली तर दांडा आखूड ठेवता येतो. माउंटला थोडं जास्त ओझं होतं हे खरं, पण अक्षाजवळचं वजन मोटरला फारसं जाचत नाही. एक पाय मात्र मी उत्तरेलाच ठेवतो. कलंडण्याची जोखीम घेण्यापेक्षा दोन-चार लक्ष्यांवर पाणी सोडलेलं परवडतं.

ज्यांच्या माउंटची मर्यादा त्यांच्या अक्षांशाहून वर आहे ते उत्तरेचा पाय आखूड करून पूर्ण ट्रायपॉडच पुढे झुकवतात. तत्त्वतः यात काही चूक नाही. ट्रायपॉड पाणसळीत असलाच पाहिजे हा गैरसमज आहे. अक्ष ध्रुवाकडे असला की पुरे, खालचा पाया कसाही असो. फक्त उंची बदलताना दिशा थोडी सरकते आणि दिशा बदलताना उंची. पण आधीच पुढे लोंबणारं ओझं आणखी पुढे झुकवायचं, हे माझ्या मनाला काही पटत नाही. माउंटखाली पाचराच्या आकाराची धातूची पट्टी बसवून घेणं जास्त सुरक्षित, कारण त्यात पाय सरळच राहतात.

आता दिशा. खरी उत्तर मिळवायला पुस्तकात भर दुपारची सावली सांगितलेली असते. इथे भर दुपारी सावली सापडली तर खरी! ८ अंश उत्तरेला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यांच्यामधल्या महिन्यांत तो माध्यान्हीला डोक्याच्याही उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. म्हणून मी जुनीच शंकूची रीत वापरतो. सपाट जमिनीवर उभी काठी, तिच्याभोवती एक वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे आत शिरताना छेदतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना छेदतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा, तिला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण. कमी अक्षांशावर ही रीत फार छान चालते, कारण सूर्य चटकन वर चढतो आणि सावली वर्तुळाला ठसठशीत छेदते. संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या, सुमारास सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) तासाला कलाभर (अंशाचा साठावा भाग) सरकते, त्याने किरकोळ चूक येते. तेवढी पहिल्या अंदाजाला चालते.

होकायंत्राबद्दल एवढंच सांगतो की विषुववृत्ताच्या आसपास ते चांगलं चालतं, कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तिथे जोरकस असतो. मात्र चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक वजा करायला हवा, आणि होकायंत्र माउंटपासून चार पावलं लांब धरायला हवं. मोटर आणि लोखंडी वजनं सुईला काय वाटेल ते सांगतात.

दिशेची काळजी मी उंचीपेक्षा जास्त का घेतो, तर त्यालाही कोसाइनच कारण आहे. माउंट आडव्या दिशेने एक अंश चुकला तर अक्ष ध्रुवापासून किती ढळतो? ६० अंशांवर अर्धा अंश. ८ अंशांवर जवळपास पूर्ण अंश. उंच अक्षांशावर दिशेच्या चुकीला निम्मी माफी असते, आम्हाला ती नाही.

उंचीसाठी मात्र कमी अक्षांशावर एक सोय आहे. मूळ स्थितीत दुर्बीण ध्रुवाकडे तोंड करून अक्षाला समांतर असते, म्हणजे इथे जवळजवळ आडवी. तिच्या पट्टीवर डिजिटल कोनमापक ठेवायचं आणि अक्षांशाचा आकडा येईपर्यंत बोल्ट फिरवायचा. अंशाच्या एक-दोन दशांशांपर्यंत हे सहज जमतं. माउंटवर कोरलेली अक्षांशाची पट्टी शोभेची समजावी.

राहता राहिला ध्रुवतारा. तो इथून दिसतच नाही असं नाही. पाऊस पडून हवा धुतली गेली असेल, उत्तरेला समुद्र किंवा मोकळं माळरान असेल, तर दिसतो. ध्रुवबिंदूपासून तो पाऊण अंशाच्या आतच असल्यामुळे साधारण ७.४ ते ८.६ अंशांच्या दरम्यान कुठेतरी फिरतो. पण तेवढ्या खाली प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत जवळपास सात पट हवा ओलांडावी लागते. तेजाच्या मापात दुसऱ्या प्रतीचा तारा चौथ्या प्रतीचा, म्हणजे बराच मंद, होऊन बसतो, आणि दमट रात्री तोही नाही. झाडं, घरं, डोंगर यांचं तर बोलायलाच नको. पोलर स्कोपमध्ये डोळा लावायला जमिनीवर बसावं लागतं, कधी आडवंही व्हावं लागतं.

दिसला तरी तो खरं बोलत नाही. वातावरणातल्या अपवर्तनाने क्षितिजाजवळचे तारे वर उचललेले दिसतात. ८ अंशांवर ही उचल साधारण साडेसहा कलांची असते. पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा अगदी नेमक्या जागी बसवला तरी अक्ष खऱ्या ध्रुवाच्या साडेसहा कला वर राहतो. मध्यम अक्षांशांवर ही उचल एखाद्या कलेची, कुणी विचारातही घेत नाही. इथे ती पाच मिनिटांच्या फोटोत तारे लांबट करायला पुरेशी आहे.

म्हणून मी ध्रुवताऱ्याचा नाद सोडला आणि ड्रिफ्ट पद्धत अंगवळणी पाडली. तिला ध्रुव दिसावा लागत नाही, आणि कमी अक्षांशावर ती इतर ठिकाणांपेक्षा स्वच्छ चालते. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कल्पना अशी. अक्ष ध्रुवावर नसेल तर ट्रॅकिंग चालू असूनही तारा हळूहळू क्रांतीच्या दिशेने, म्हणजे ध्रुवाकडे किंवा ध्रुवापासून दूर, सरकतो. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे दुर्लक्ष करायचं. ते गिअरच्या चुकीने होतं. क्रांतीतलं सरकणं तेवढं बघायचं. अक्ष एक कला चुकला असेल तर जास्तीत जास्त तासाला पावणेसोळा विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे पाच मिनिटांत सव्वा विकलेच्या आसपास. अर्धा अंश चुकला असेल तर पाच मिनिटांत ३९ विकला. क्रॉसहेअरच्या नेत्रिकेत हे ढळढळीत दिसतं.

दोन तारे लागतात. पहिला खगोलीय विषुववृत्ताजवळचा आणि याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर), म्हणजे आमच्याकडे जवळजवळ डोक्यावर. हिवाळ्यात मी मृगाच्या पट्ट्यातला सर्वांत उत्तरेकडचा तारा घेतो. त्याची क्रांती शून्याच्या इतकी जवळ आहे की याहून सोयीचा तारा शोधून सापडणार नाही. हा पहिला तारा दिशेची चूक सांगतो. तो ध्रुवापासून दूर सरकत असेल तर अक्ष पूर्वेला जास्त वळलेला आहे. ध्रुवाकडे सरकत असेल तर पश्चिमेला. उत्तर-दक्षिण न म्हणता मी मुद्दाम ध्रुवाकडे आणि ध्रुवापासून असं म्हणतो, त्याचं कारण पुढे येईल.

दुसरा तारा विषुववृत्तावरचाच, पण पूर्वेला, क्षितिजापासून वीस-तीस अंश वर. तो उंचीची चूक सांगतो. ध्रुवाकडे सरकला तर अक्ष जास्त वर, दूर सरकला तर जास्त खाली. पश्चिमेचा तारा घेतला तर हे नेमकं उलटं.

आता गंमत बघा. पुस्तकं बजावतात की पूर्वेचा तारा फार खाली घेऊ नका, अपवर्तन चाचणी बिघडवतं. मध्यम अक्षांशावर ते खरं आहे, कारण तिथे तारे तिरके उगवतात आणि अपवर्तनाची उचल थोडी विषुवांशात, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेत, थोडी क्रांतीत विभागली जाते. इथे विषुववृत्तावरचा तारा जवळजवळ सरळ वर चढतो. अपवर्तनही सरळ वरच उचलतं. म्हणजे सगळी गडबड विषुवांशात, जिच्याकडे आपण बघतच नाही. क्रांतीत तिचा सातवा हिस्साही येत नाही. जे अपवर्तन ध्रुवताऱ्याच्या पद्धतीत आमच्या मुळावर उठतं तेच ड्रिफ्टमध्ये बाजूला उभं राहतं.

क्रम मी असा ठेवतो: आधी दिशा, मग उंची, मग पुन्हा दिशा. आमच्याकडे दिशेची चूक पूर्ण वजनाने लागते, म्हणून ती आधी काढली की उंची झटपट बसते. अझिमथचे, म्हणजे दिशेचे, स्क्रू फिरवण्यापूर्वी मधला मोठा बोल्ट किंचित सैल करावा लागतो, कारण ओझं एका बाजूला असल्याने थाळी घट्ट चिकटून बसते. जोर लावला की ती अडते आणि मग एकदम उडी मारते. सुरुवातीला पाच मिनिटं वाट बघायची गरज नसते, मिनिटभरात दिशा कळते. चूक जसजशी कमी होते तसतसा वेळ वाढवायचा. मी थांबतो तेव्हा पाच मिनिटांत तारा क्रॉसहेअरच्या रेघेवरून हलताना दिसत नाही. त्यापुढचं काम ऑटोगाइडर, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत दुरुस्त करणारा छोटा कॅमेरा, सांभाळतो.

ज्यांच्याकडे कॅमेरा आणि संगणक आहे त्यांना हे सगळं दहा मिनिटांत उरकता येतं. ध्रुवाजवळच्या आकाशाचा फोटो मागणारी सॉफ्टवेअर इथे निरुपयोगी. क्षितिजावरच्या धुरात त्यांना तारेच सापडत नाहीत. निना या आकाशाचे फोटो घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट (अक्ष ध्रुवाशी जुळवणं) मिळतं, ते मात्र आकाशाच्या कुठल्याही भागातून चालतं. माउंट विषुवांशात थोडा थोडा फिरवून तीन फोटो, त्यांतल्या ताऱ्यांवरून अक्षाची खरी जागा, आणि मग पडद्यावर बघत बघत बोल्ट फिरवायचे. मी आता बहुतेकदा हेच करतो. पण निकाल विचित्र वाटला, किंवा लॅपटॉपने मान टाकली, तर ड्रिफ्ट हाताशी असतं.

अक्ष आडवा असल्याचा एक परिणाम तोल साधताना जाणवतो. विषुवांशाच्या अक्षाभोवतीचा असमतोल गुरुत्वाकर्षणाला जवळपास पूर्ण सापडतो. उंच अक्षांशावर तो अर्धा लपून राहतो. म्हणून इथे क्लच सैल केला की दुर्बीण लगेच सांगते, कुठली बाजू जड आहे. हे सोयीचंही आहे आणि डोकेदुखीही, कारण रात्री नेत्रिका बदलून कॅमेरा लावला तरी पुन्हा वजन सरकवावं लागतं. मी पूर्वेची बाजू नावापुरती जड ठेवतो, म्हणजे वर्मगिअरचे दाते एकाच बाजूला टेकलेले राहतात आणि मध्येच हिंदकळत नाहीत. याम्योत्तर वृत्त ओलांडून दुर्बीण पलटली की हा जडपणा दुसऱ्या बाजूला जातो, तेव्हा वजन परत बोटभर सरकवायचं.

ही पलटी इथे जास्त जपून करावी लागते. तारा डोक्यावर असताना नळी उभी आणि कॅमेरा पायाजवळ, म्हणजे टक्कर व्हायची असेल तर याच वेळी. मी दिवसाउजेडी मोटर बंद ठेवून, क्लच सैल करून, दुर्बीण हाताने सगळीकडे फिरवून बघतो आणि कुठल्या क्रांतीला कॅमेरा पायाला भिडतो ते लिहून ठेवतो. मग सॉफ्टवेअरमध्ये याम्योत्तर वृत्ताच्या पुढे किती वेळ जायचं याची मर्यादा त्याप्रमाणे घालतो. केबलींचंही तेव्हाच कळतं.

मोठ्या दुर्बिणी बांधणाऱ्यांनी हा प्रश्न मुळातूनच वेगळा सोडवला. तमिळनाडूतल्या कावलूरची २.३४ मीटरची वेणू बापू दुर्बीण साडेबारा अंशांवर आहे. तिचा माउंट इक्वेटोरियलच, पण जर्मन घाटाचा नाही. घोड्याच्या नालाच्या आकाराचं जू, दोन्ही टोकांना आधार. अक्ष जवळजवळ आडवा असेल तर तो एका टोकाला लोंबत ठेवण्यापेक्षा दोन टोकांना टेकवलेला बरा, हे कुणाही बांधकाम करणाऱ्याला पटेल. उटीच्या रेडिओ दुर्बिणीची युक्ती तर मला त्याहून आवडते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर-दक्षिण पसरलेला असा डोंगरउतार निवडला, ज्याचा चढ तिथल्या अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंश आहे. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दंडगोलाकार अँटेना बसवला. तो १९७० मध्ये तयार झाला. उतारच अक्षांशाचा असल्याने दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला, आणि एका अक्षाभोवती फिरवून तिला साडेनऊ तास एखाद्या स्रोताचा पाठलाग करता येतो. पाचराची पट्टी म्हणून अख्खा डोंगर! ५८ अंशांवर ही युक्ती कुणाला सुचून उपयोग नव्हता.

छोट्या प्रमाणावर हाच फायदा घरगुती बार्न-डोअर ट्रॅकरला मिळतो. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, आणि हळूहळू वरची फळी उचलणारा स्क्रू. कमी अक्षांशावर बिजागरी जवळजवळ आडवी असल्याने तो टेबलावर उघडत्या पुस्तकासारखा उभा राहतो. रुंद लेन्सने आकाशगंगेचे फोटो काढायचे असतील तर मी हजारो भाग असलेला माउंट बाहेर काढतच नाही.

आता ते ध्रुवाकडे आणि ध्रुवापासूनचं. हाच संच मी विषुववृत्ताच्या दक्षिणेला काही अंशांवर नेला तेव्हा अक्ष दक्षिणेकडे करावा लागला आणि कंट्रोलरमध्ये गोलार्ध बदलावा लागला, नाहीतर मोटर उलटी फिरते. दक्षिणेला ध्रुवाजवळ म्हणायला सिग्मा ऑक्टँटिस हा तारा आहे, पण तो साडेपाच प्रतीच्या आसपासचा. सहा-सात अंशांच्या उंचीवर त्याचा विचारही करू नये. ड्रिफ्टचे नियम मात्र, ध्रुवाच्या भाषेत पाठ केलेले असल्यामुळे, एका अक्षरानेही बदलले नाहीत. डोक्यावरचा तारा जवळच्या ध्रुवापासून दूर सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त, पूर्वेचा तारा ध्रुवाकडे सरकला तर अक्ष जास्त वर. उत्तर-दक्षिण असं घोकलेले सोबतचे लोक मात्र रात्रभर उलटीकडे बोल्ट फिरवत होते.

एवढी यातायात केल्यावर आकाश काय मिळतं तेही सांगायला हवं. ८ अंशांवरून दक्षिण ध्रुवाभोवतीचे काही अंश सोडले तर बाकी सगळं आकाश वर्षभरात दुर्बिणीच्या टप्प्यात येतं. एप्रिल-मे महिन्यात सप्तर्षी आणि त्रिशंकू एकाच वेळी याम्योत्तर वृत्तावर असतात, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. त्रिशंकू २२ अंशांपर्यंत वर येतो, मोठा मॅजेलनिक मेघ ही शेजारची छोटी दीर्घिका १३ अंशांपर्यंत. तिकडे दुर्बीण वळवली की नळी अक्षाला जवळजवळ समांतर होऊन माउंटच्या अंगावरून मागे बघते. दिसायला विचित्र, पण पाय, वजन, कॅमेरा यांतलं काहीच एकमेकांना लागत नाही. अडतं ते अपवर्तनापाशी. इतक्या खाली तारा चढताना-उतरताना त्याची उचल बदलत राहते, त्यामुळे नक्षत्रवेगाने, म्हणजे ताऱ्यांच्या रोजच्या फिरण्याच्या वेगाने, चालणारा माउंट त्याच्यापासून हळूहळू सुटतो. किंगच्या नावाचा, किंचित कमी वेग काही कंट्रोलरमध्ये असतो. पण तो आकाशाच्या सगळ्या भागांना एकाच मापाने मोजतो, म्हणून १३ अंशांवर मी त्याच्या भरवशावर राहत नाही. गाइड कॅमेरा त्याच दिशेला, लक्ष्याच्या शक्य तितका जवळचा गाइड तारा, आणि एकेक फोटो दोन मिनिटांपेक्षा लांब नाही.

अलीकडे वजनाचा दांडाच नसलेले, हार्मोनिक ड्राइव्ह नावाच्या गिअरचे हलके माउंट आले आहेत. कमी अक्षांशासाठी ते फार सोयीचे: पायावर आपटायला काही नाही, विषुवांशातला तोल जमवायची भानगडही नाही. पण ओझं पुढे लोंबतं ते लोंबतंच, उलट दुर्बीण एका बाजूला गेली की तोल साधायला दुसऱ्या बाजूला काहीच नसतं. असा माउंट घेणार असाल तर रुंद पायांचा जड ट्रायपॉड आधी घ्या, आणि वाळूची पिशवी सोडू नका.